फुशारकीचं आत्मनेपद

‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात ओडिसियस नको त्या वेळी आपलं नाव सांगतो. एकाक्ष राक्षस पॉलिफेमसला आंधळं करून तो आणि त्याचे साथीदार गुहेतून निसटलेत, गलबत किनारा सोडून निघालंय आणि साथीदार परोपरीनं विनवताहेत की बाबा, आता तरी गप्प बस. त्याला राहवत नाही. आपलं नाव, बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण, सगळं तो ओरडून सांगतो. पॉलिफेमसला एवढंच हवं होतं. त्याच्याकडे शाप तयार होता, पत्ता तेवढा नव्हता. तो आकाशाकडे हात पसरतो, समुद्राचा देव असलेल्या आपल्या बापाला, पोसायडनला, हाक मारतो आणि मागणं मागताना तेच नाव, तोच बाप, तेच गाव जसंच्या तसं म्हणून दाखवतो. पोसायडन ऐकतो. पुढे साथीदारांपैकी एकही उरत नाही आणि ओडिसियस कित्येक वर्षांनी, एकटा, परक्यांच्या गलबतातून घरी पोचतो.

या प्रसंगात अकरा ओळींच्या आत एकच क्रियापद तीनदा येतं. पॉलिफेमस म्हणतो की पोसायडन माझा बाप असल्याचं अभिमानानं सांगतो. मग तो पोसायडनची प्रार्थना करतो. आणि प्रार्थनेतच अट घालतो : तू खरोखर माझा बाप म्हणवत असशील, तर एवढं कर. अभिमानानं सांगणं आणि प्रार्थना करणं, दोन्हीकडे शब्द एकच, एउखोमाइ. कोशात त्याच्यापुढे अर्थांची रांग लागते : प्रार्थना करणं, नवस बोलणं, हक्क सांगणं, बढाई मारणं.

मी शब्दकोश हाताशी ठेवून होमर सावकाश वाचणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे अशा रांगांपाशी माझं बरंच थांबणं होतं. पण इथे थांबण्याचं कारण वेगळं होतं. आम्ही वाढलो त्या घरात प्रार्थना आणि फुशारकी ही एका रेषेची दोन टोकं होती. देवापुढे हात जोडायचे ते ‘मी’ खाली ठेवण्यासाठी, आणि चारचौघांत आपल्या तोंडानं आपलं कौतुक करायचं नाही तेही त्याच कारणानं. ही दोन्ही कामं एका क्रियापदावर सोपवणाऱ्या माणसांना बढाई म्हणजे नक्की काय वाटत असेल?

उत्तराचा पहिला धागा अर्थात नाही, रूपात सापडतो. मी म्हणतो ते एउखोमाइ, तो म्हणतो ते एउखेताइ. संस्कृत शिकलेल्या माणसाचा कान इथे टवकारतो. ‘लभते’, ‘वन्दते’ यांतला ‘ते’ आणि ग्रीकमधला ‘ताइ’ ही सख्खी भावंडं आहेत. ज्या क्रियेचं फळ करणाऱ्याकडेच येतं, तिच्यासाठी आपल्या वैयाकरणांनी आत्मनेपद सांगितलं. ग्रीकमध्ये तशीच एक वेगळी रूपमालिका आहे, आणि एउखोमाइ फक्त तिच्यातच चालतो. त्याला परस्मैपदी रूप नाही. दुसऱ्याच्या वतीनं देवाला साकडं घालता येतं, पण त्या घालण्यातही बोलणारा स्वतः गुंततोच. संस्कृतातही बढाईची दोन ठळक क्रियापदं, ‘श्लाघते’ आणि ‘विकत्थते’, आत्मनेपदीच आहेत.

पाणिनीनं तर याच्या पुढची गोष्ट हेरून ठेवली आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या पादाचं चौतिसावं सूत्र सांगतं की ‘श्लाघ्’ म्हणजे बढाई मारणं, ‘ह्नु’ म्हणजे लपवणं, ‘स्था’ म्हणजे थांबणं आणि ‘शप्’ म्हणजे शपथ घेणं, या धातूंच्या बाबतीत ज्याला ते कळावं अशी इच्छा असते, त्याची चतुर्थी होते. हे ‘कळावं अशी इच्छा’ फार मोलाचं आहे. बढाई हवेत मारता येत नाही. ती कुणाला तरी मारावी लागते, आणि तो कोण हे व्याकरणाला ठाऊक असावं लागतं. ग्रीकमध्ये एउखोमाइचा प्रार्थना हा अर्थ असतो तेव्हा देवाचं नाव असंच चतुर्थीत येतं. बढाई आणि शपथ एकाच सूत्रात बसवणाऱ्या पाणिनीला हे क्रियापद कदाचित मुळीच चमत्कारिक वाटलं नसतं.

शब्दाचं गोत मोठं आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध ऋग्वेदातल्या ‘वाघत्’शी, म्हणजे स्तुती करणाऱ्या, यज्ञ करणाऱ्या ऋत्विजाशी जोडतात. लॅटिनमध्ये त्याचा भाऊ ‘वोवेओ’, मी नवस बोलतो. त्यावरून ‘वोटुम’, नवस, आणि त्यावरूनच इंग्रजीच्या वाटेनं आपल्या बोलण्यात आलेलं ‘व्होट’. मतदानाच्या रांगेत उभं राहून आपण ज्या शब्दाचं काम करतो, तो ‘इलियड’मधल्या अकिलीसच्या रणगर्जनेचा चुलतभाऊ आहे. मोठ्यानं बोलून स्वतःला बांधून घेणं, एवढाच या सगळ्या घराण्याचा समाईक गुण.

होमरच्या जगात माणूस सगळ्यात जास्त बांधून घेतो तो आपल्या कुळाशी. ‘असल्याचं सांगतो’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात ग्लॉकस आणि डायोमिडीस दोन सैन्यांच्या मधोमध समोरासमोर येतात. डायोमिडीस विचारतो, तू कोण? ग्लॉकस आपल्या आजाची, बेलेरोफोनची, लांबलचक कथा सांगतो आणि या रक्ताचा मी आहे, असं या क्रियापदानं शिक्कामोर्तब करतो. ऐकून डायोमिडीस भाला जमिनीत रोवतो. त्याच्या आजानं बेलेरोफोनला घरी वीस दिवस पाहुणा म्हणून ठेवून घेतलेलं असतं. लढाई तिथेच थांबते, दोघं चिलखतं बदलतात. शंभर बैलांच्या मोलाचं सोन्याचं चिलखत ग्लॉकस देतो आणि नऊ बैलांच्या मोलाचं कांस्याचं घेतो. होमरला त्याचं हसू येतं. पण ज्याच्या बढाईनं त्याचा जीव वाचवला, त्याला हा सौदा एवढा महाग पडला असं मला वाटत नाही.

एकविसाव्या सर्गात नेमकं उलट घडतं. अॅस्टेरोपीयस हा अॅक्सिअस नदीचा नातू. त्याला मारून अकिलीस प्रेताजवळ गर्जतो की तू नदीचं कूळ सांगत होतास, मी महान झ्यूसचं सांगतो, आणि झ्यूसपुढे कुठल्याही नदीची काय कथा! हे तो कुठे बोलतोय, तर ट्रॉयच्या नदीकाठी, जिचं पात्र त्यानंच प्रेतांनी तुंबवलंय. थोड्याच वेळात ती नदी फुगून त्याच्या मागे लागते. तेव्हा झ्यूसचा हा पणतू आकाशाकडे पाहून विव्हळतो की हिवाळ्यातला ओढा ओलांडताना वाहून गेलेल्या एखाद्या डुकरं राखणाऱ्या पोरासारखं मरण माझ्या वाट्याला आलंय. कवीनं बढाईवर कुठेही टीका केलेली नाही. त्यानं ती नदीच्या ऐकण्याच्या टप्प्यात आणून ठेवली, एवढंच.

मराठीला हे सगळं परकं नाही. ‘हे केलं नाही, तर बापाचं नाव लावणार नाही’ या वाक्याकडे जरा निरखून पाहा. त्यात कूळ आहे, बढाई आहे, नवस आहे आणि जामीनही आहे. बोलणाऱ्यानं बापाचं नाव गहाण टाकलंय, आणि ते सोडवून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. ‘नाही जमलं तर मिशी उतरवीन’ म्हणणाराही तेच करतो. अशा माणसाला आपण फुशारक्या म्हणत नाही, निदान मुदत संपेपर्यंत तरी. काही गहाण न टाकता जो बोलतो, त्याच्यासाठी आपण ‘बाता’ आणि ‘वल्गना’ हे शब्द राखून ठेवले आहेत. आणि ‘दावा’ या शब्दात तर सांगणं, फिर्याद आणि वैर ही तिन्ही एकत्र नांदतात.

रणांगणावर या क्रियापदाला सगळ्यात धार येते. शत्रूला पाडल्यावर त्याच्यावर उभं राहून गर्जायचं, हा होमरच्या वीरांचा रिवाज. त्यातून मिळणाऱ्या कीर्तीला ‘एउखोस’ असं याच धातूचं नाम आहे. मला एउखोस दे आणि जीव यमाला, अशी मागणी मारणारा मरणाऱ्याकडे करतो. म्हणजे बढाई ही जिंकल्यावर तोंडातून निघालेली वाफ नाही. ती एक मालमत्ता आहे, आणि एकाची झाली की दुसऱ्याची जाते.

पण मरणाऱ्यालाही बोलायचा हक्क आहे. सोळाव्या सर्गात ट्रॉयचा हेक्टर अकिलीसच्या मित्राला, पॅट्रोक्लसला, पाडतो आणि गर्जतो. पॅट्रोक्लस शेवटच्या श्वासात त्याला म्हणतो की मार, आता हवी तेवढी बढाई मार, आणि पाठोपाठ हिशोब मांडतो. मला आधी झ्यूस आणि अपोलोनं मारलं, माणसांत पहिला घाव युफोर्बसचा, तुझा नंबर तिसरा. वर हेही की तू फार दिवसांचा सोबती नाहीस. हेक्टर उत्तर देतो, पण तोवर ऐकणारा मेलेला असतो. जगातली सगळ्यात कठोर उलटतपासणी मला हीच वाटते. विजेत्याच्या दाव्यातला खरा हिस्सा किती, हे हरलेला माणूस मोजून देतो, आणि कवी दोघांचंही बोलणं सारख्याच निगुतीनं जपून ठेवतो.

हे क्रियापद केवळ वीरांचं आणि देवांचं असतं, तर मी त्याला कवींचं लाडकं म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याचा सगळ्यात जुना लिखित पुरावा काव्यात नाही, जमिनीच्या दप्तरात आहे. १९३९ साली कार्ल ब्लेगेन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाला नैऋत्य ग्रीसमधल्या पायलॉस इथे एका राजवाड्याचे अवशेष मिळाले, आणि त्यात मातीच्या शेकडो पाट्या. इ.स.पू. १२००च्या सुमारास वाडा जळाला, त्या आगीत पाट्या भाजून निघाल्या आणि म्हणून टिकल्या. त्यांच्यावरची लिपी १९५२मध्ये मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण वास्तुविशारदानं उलगडली, आणि तिच्यामागची भाषा ग्रीक निघाली, होमरच्याही काही शतकं आधीची. ही लिपी क, ख, ग असा भेद करत नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद न करणारी मोडी वाचलेल्यांना ही अडचण समजेल.

त्यातल्या एका पाटीवर एरिता नावाच्या पुजारणीच्या जमिनीची नोंद आहे. तिच्याकडे जमीन आहे, आणि ती देवाच्या वतीनं एका खास हक्कानं धरल्याचं ती सांगते. ‘सांगते’च्या जागी अक्षरं आहेत ए-उ-के-तो-क्वे. शेवटचा ‘क्वे’ म्हणजे संस्कृतातला ‘च’, आणि. उरलेलं आपलंच क्रियापद. पाटी तिथेच थांबत नाही. पुढे लिहिलंय की ‘दामोस’, म्हणजे गावकी, मात्र म्हणते की तिच्याकडे साध्या वहिवाटीची, गावकीनं दिलेली जमीन आहे. देवस्थान इनाम की कुळाची जमीन, हा वाद आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याला समजावून सांगावा लागणार नाही. मला कौतुक वाटतं ते कारकुनाचं. त्यानं निकाल दिला नाही. पुजारणीचं म्हणणं लिहिलं, गावकीचं म्हणणं लिहिलं आणि पाटी फळीवर ठेवून दिली.

या पाटीमुळे होमरमधल्या एका जागेवर नवा उजेड पडला. ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात अकिलीसच्या ढालीवर एक शहर कोरलेलं आहे, आणि त्याच्या चौकात खुनाच्या भरपाईवरून दोन माणसं भांडताहेत. एक जण लोकांपुढे सांगतोय की सगळं देऊन टाकलं, दुसरा काहीच घ्यायला तयार नाही. पहिल्याच्या ‘सांगण्या’ला क्रियापद हेच. इथे ना प्रार्थना, ना बढाई. हा सरळ कज्जातला जबाब आहे, पुजारणीसारखाच. लेनर्ड म्युल्नर या अभ्यासकानं १९७६च्या आपल्या पुस्तकात होमरमधल्या या क्रियापदाचे वापर असे तीन दालनांत लावून दाखवले : देवापुढचे, माणसांपुढचे आणि न्यायापुढचे.

मला वाटतं, तिन्ही दालनांना एकच दार आहे. कुणीतरी उभं राहून मोठ्यानं म्हणतं की हे असं आहे, हे माझं आहे, हा मी आहे. आणि समोर कुणीतरी आहे, जो ‘नाही’ म्हणू शकतो. देव मागणं फेटाळू शकतो, शत्रू भाल्यानं उत्तर देऊ शकतो, गावकी आपलं म्हणणं नोंदवू शकते. नकाराची शक्यता जिवंत आहे, म्हणून बोलण्याला वजन आहे. प्रार्थना आणि बढाई यांना एकत्र बांधणारी गोष्ट हीच. नम्रता आणि गर्व हा हिशोब फार नंतरचा.

नकाराची शक्यता धुडकावून लावणारं बोलणं होमरलाही ठाऊक आहे, पण त्यासाठी तो हे क्रियापद वापरत नाही. ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात धाकटा एजॅक्स जहाज फुटूनही खडकावर चढून वाचतो, आणि देवांच्या नाकावर टिच्चून मी सुटलो म्हणतो. कवी म्हणतो, त्यानं एक मातलेला बोल ‘टाकला’. पोसायडन तो ऐकतो आणि खडक फोडून त्याला बुडवतो. हे ऐकणं दाखवणारं क्रियापद मात्र तेच आहे, जे पॉलिफेमसच्या प्रार्थनेनंतर येतं. देवाचा कान एकच, आत काय जातं ते वेगळं. पुढे इ.स.पू. ४६७मध्ये एस्किलसनं थीब्जवर चालून आलेल्या सात सेनानींचं नाटक रंगमंचावर आणलं. त्यातला कॅपेनियस म्हणतो, देवाची इच्छा असो वा नसो, मी हे नगर उद्ध्वस्त करणार. तोवर एउखोमाइ देवळाकडे सरकू लागलेला होता आणि बढाईसाठी वेगळे, बहुतेक तिरस्काराचे शब्द रुळत होते. वाटणी होत आली होती.

वाटणीनंतर दोघांचंही काय झालं ते पाहण्यासारखं आहे. प्लेटोच्या काळात एउखोमाइचं नाम ‘मनातले मांडे’ अशा अर्थानंही चालू लागलं. आपली आदर्श नगरी म्हणजे नुसत्या अशा इच्छा नव्हेत, असं सांगण्याची पाळी ‘रिपब्लिक’मधल्या सॉक्रेटिसवर येते. आजच्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शुभेच्छा देणं. वाढदिवसाच्या कार्डावरचा शब्द. हेक्टरच्या तोंडचं क्रियापद केकवर येऊन बसलं.

बढाईच्या वाट्याला नीतिशास्त्र आलं. अॅरिस्टॉटलनं ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात सत्य बोलणारा मध्ये बसवला, एका बाजूला असेल त्याहून जास्त सांगणारा आणि दुसऱ्या बाजूला असेल त्याहून कमी सांगणारा. मग त्यानं एक खोचक गोष्ट म्हटली. फारच कमी सांगणं हीसुद्धा फुशारकी असते, आणि उदाहरण दिलं स्पार्टावाल्यांच्या साध्यासुध्या कपड्यांचं. तेवीसशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या खादीला आणि झोळीला ओळखून होता.

त्यानंतर चारेक शतकांनी सेंट पॉलनं करिंथकरांना लिहिताना बढाईचं दुसरं एक क्रियापद, काउखाओमाइ, पुन्हा पुन्हा वापरलं आणि ते आतून उलटं केलं. प्रतिस्पर्धी आपल्या मोठेपणाची यादी देतात ना, मग घ्या माझीही, म्हणून त्यानं फटके मोजले, जहाजं फुटली ती मोजली, आणि शेवटी दमास्कसच्या तटावरून टोपलीत बसून खाली सोडून दिल्याची, पळून गेल्याची हकीकत लिहिली. हेही रूप आत्मनेपदीच. दुबळेपणाची बढाई मारतानाही पॉलनं एक जुनी शिस्त पाळली : त्याची पत्रं ज्यांच्यापुढे वाचली जात, त्यांत त्याला नाकारणारे बसलेले होते आणि ते त्याला माहीत होतं.

अधूनमधून मला कुणीतरी ‘आपला अल्प परिचय पाठवा’ म्हणतं. तो तृतीयपुरुषी लिहायचा असतो. ‘त्यांनी अमुक लिहिलं, त्यांना तमुक मिळालं.’ लिहिणारा मीच, पण क्रियापदं अशी, जणू शेजारच्यानं लिहून दिलीत. सूत्रसंचालक ते वाचतो तेव्हा मी मान खाली घालून बसतो, जसं काही हे सगळं मला नव्यानं कळतंय. सभागृहात कुणी उठून ‘तुझा नंबर तिसरा’ म्हणण्याची सोय नाही, आणि ती नसल्याचा सगळ्यांत जास्त फायदा मला होतो. या विधीला आपण विनय म्हणतो. ग्रीकांच्या दृष्टीनं हे परस्मैपद झालं, कारण बोलणाऱ्यानं स्वतःला बोलण्यातून अलगद काढून घेतलं. त्यापेक्षा उभं राहून ‘हे मी केलं, इतपत बरं जमलं, एवढं जमलं नाही’ म्हणणारा माणूस मला होमरच्या जवळचा वाटतो. त्याला हटकता तरी येतं.

याचा अर्थ गर्जत सुटावं असा नाही. ओडिसियसलाच विचारावं. बाविसाव्या सर्गात त्यानं बायकोला मागणी घालायला घरात घुसलेल्या सगळ्यांना लोळवलंय. म्हातारी दाई युरिक्लिया येते, प्रेतं बघते आणि आनंदानं आरोळी ठोकणार इतक्यात तो तिला अडवतो. आनंद मनात ठेव, मेलेल्यांवर बढाई मारणं हे पवित्र नाही, असं तो सांगतो, आणि तिथे याच धातूचं एक लांबट रूप येतं, एउखेताआस्थाइ. नवव्या सर्गात ज्याला साथीदार विनवूनही गप्प बसवू शकले नाहीत, तो इथे दुसऱ्याला गप्प करतो. मेलेल्यांवरची गर्जना ‘इलियड’भर रिवाज होती, ती आता अपवित्र का? कवी थेट कारण देत नाही, पण मला ते या शब्दाच्या जुन्या अटीत दिसतं. आता दालनात ‘नाही’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही. पॅट्रोक्लसनं निदान शेवटच्या श्वासाचा हिशोब तरी मांडला होता, या प्रेतांना तेही शक्य नाही. जिथे प्रत्युत्तर संपलं, तिथे बढाईचा हक्कही संपला.

म्हणून हल्ली कुणी स्वतःबद्दल मोठ्यानं बोलू लागलं की मी त्याचा आवाज किती चढलाय ते पाहत नाही. एरिताच्या पाटीवर तिच्या दाव्याखाली गावकीची ओळ होती, तशी ओळ लिहायला त्यानं जागा सोडलीय का, एवढं पाहतो. जागा असेल, तर तो खुशाल बापाचं नाव सांगो, कुळाचं सांगो, देवाचं सांगो. मी ऐकतो, आणि मला वेगळं वाटलं तर माझी ओळ लिहितो.